सहा पायांची ओमोई

चिगुसा नुकागा चित्र काढायची ते पायांपासून. बाकीची मंडळी आधी डोळे काढतात, कोणी शिंगं, कोणी पंख. चिगुसाच्या कागदावर आधी खूर उमटायचा, मग घोटा, मग गुडघा. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत धड जमलं तर जमलं. डोकं बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसावर जायचं.

त्याला कारण होतं. होक्काइदोच्या पूर्वेकडे शिरोनाई नावाचं दुधाचं गाव आहे, तिथे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ती बावीस वर्षं गाईंची खुरं तासत होती. दिवसाला तीस-पस्तीस गाई. प्रत्येक गाईचा पाय उचलायचा, स्वतःच्या मांडीवर घ्यायचा, वाढलेली नखी सुरीने कापायची, आत कुठे सडलंय का बघायचं, आणि सातशे किलोचं जनावर आपल्यावर रेलणार नाही याचं भान ठेवायचं. गाईचं तोंड तिला क्वचितच दिसे. पाय मात्र ती झोपेतसुद्धा काढू शकली असती.

प्रत्येक गाईमागे एक कार्ड भरावं लागे. कार्डावर आठ नख्या छापलेल्या असत, जिथे दुखापत असेल तिथे खूण करायची. दोन-तीन वर्षांनी जुनी कार्डं रद्दीत जात. चिगुसा ती रद्दीत जाऊ द्यायची नाही. गाडीत, पुढच्या कप्प्यात, कोऱ्या बाजू वर करून ती रचून ठेवायची, आणि दुपारी भाताचे दोन गोळे खाऊन झाले की त्यांवर जगात नसलेली जनावरं काढायची. दलदलीतून चालणारा, बगळ्याच्या पायांचा घोडा. कौलांच्या पन्हाळीला लटकून झोपणारं अस्वल. पंजे उलटे असलेला कोल्हा, ज्याचा माग काढणारा नेमका विरुद्ध दिशेला जाईल.

हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नवरा वर्षातले आठ महिने मासेमारीच्या बोटीवर, मूलबाळ नाही, आणि सेहेचाळीस वर्षांची खुरवाली बाई फावल्या वेळात राक्षस काढते हे गोठ्यागोठ्यातून फिरलं असतं तर तिला गावात तोंड दाखवायची चोरी झाली असती. निदान तिला तसं वाटायचं.

ते फुटलं मोरिओकाकांमुळे. मोरिओ त्रेसष्ट वर्षांचे, तिचे गुरू आणि कामातले जोडीदार. खुरं तासायची सुरी तिच्या हातात पहिल्यांदा त्यांनीच दिली होती. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ते गाईचा पाय बांधायचा पट्टा शोधायला गाडीत शिरले आणि दहा मिनिटं झाली तरी बाहेर येईनात. चिगुसा बघायला गेली तर काका नाकावर चष्मा, मांडीवर कार्डांचा गठ्ठा घेऊन बसलेले.

तिने गठ्ठ्यासाठी हात पुढे केला.

"हा कोणाच्या गोठ्यातला गं?" काकांनी एक कार्ड वर धरलं.

"कोणाच्याच नाही. असंच काढलंय. द्या इकडे."

"थांब. याचा मागचा डावा पाय दुखतोय."

"काका, ते खोटं जनावर आहे."

"खोटं असेल. पण लंगडतंय. बाहेरची नखी. बघ की, सगळा भार आतल्या बाजूला घेतलाय बिचाऱ्याने."

चिगुसाने कार्ड हिसकावून घेतलं आणि पाहिलं. खरंच होतं. तिने मुद्दाम काढलं नव्हतं. बावीस वर्षं लंगड्या गाई पाहिलेल्या हाताने ते आपणहून काढलं होतं.

मोरिओकाकांनी चष्मा खिशात घातला. "साप्पोरोला ती जत्रा भरते ना, हौशी चित्रकारांची? माझी भाची जाते दरवर्षी. आपलं आपण छापायचं, आपलं आपण विकायचं. तू जा."

"मी? तिथे सगळी पोरंपोरी असतात काका."

"मग काय झालं? तुझ्याहून मोठी बाई मी गेल्या महिन्यात एका गाईच्या लाथेने आडवी झालेली पाहिली, ती काय पोरांना विचारून पडली का?" या बोलण्याचा अर्थ त्यांनाही सांगता आला नसता. पण ते ठरवून बोलले की असंच बोलत.

मे महिन्यात चिगुसा साप्पोरोला गेली. दूधसंघाच्या कचेरीतल्या यंत्रावर, स्वतःचा कागद नेऊन, तिने चाळीस प्रती छापल्या होत्या आणि पिना मारून पुस्तकं केली होती. सभागृह एवढं मोठं की त्यात शिरोनाईतले सगळे गोठे मावले असते. रांगेने टेबलं, टेबलामागे चित्रकार, आणि मधल्या वाटांमधून माणसांचा लोंढा. कोणी शिंगं लावून आलेलं, कोणी शेपटी. चिगुसाने स्वच्छ निळा सदरा घातला होता आणि तिला पहिल्यांदाच तो फार साधा वाटला.

शेजारच्या टेबलावर रिएको नावाची बाई होती. तिशीतली, बस डेपोत कारकून, कोल्हे काढायची. तिचे कोल्हे कपडे घालून देवळाच्या पायऱ्या झाडत, एकमेकांच्या चहाड्या करत. तिच्या टेबलासमोर माणसं उभी राहून हसत होती आणि पुस्तक उचलत होती. चिगुसाच्या टेबलासमोर माणसं थांबत, पानं उलटत, मान हलवत आणि पुढे जात. संध्याकाळपर्यंत तीन प्रती गेल्या. त्यातली एक जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकणाऱ्या मुलाने नेली. परीक्षेला उपयोगी पडेल, म्हणाला.

आवराआवर करताना रिएकोने एक प्रत उचलली, उभ्याउभ्या पूर्ण पाहिली.

"ताई, खरं बोलू का? राग येईल."

"बोला."

"पाय अफलातून आहेत. असे पाय या सभागृहात कोणाला काढता येत नाहीत. पण हा घोडा," तिने बगळ्याच्या पायांच्या घोड्यावर बोट ठेवलं, "हा कोण आहे?"

"दलदलीतला घोडा."

"ते दिसतंय. पण कोण आहे? कोणाला घाबरतो? कोणाशी पटत नाही? तुमचं पुस्तक म्हणजे दवाखान्यातला तक्ता झालाय. सगळे कसे उभे आहेत ते कळतं, का उभे आहेत ते कळत नाही."

चिगुसाने हसून मान लववली, आभार मानले आणि सदतीस प्रती खोक्यात भरल्या. परतीच्या पाच तासांत ती गाडीत एकटीच रिएकोशी भांडत होती. कोल्ह्यांना झगे घालणारी ही बाई मला शिकवणार! एका कोल्ह्याचा तरी कोपर जागेवर होता का? भांडण ओबिहिरोपर्यंत पुरलं. त्यापुढच्या अंधाऱ्या रस्त्यावर मात्र तिला कबूल करावं लागलं की बाईच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही.

पंधरा दिवस तिने पेन्सिल हातात धरली नाही. मोरिओकाकांनी दोनदा विचारलं, "नवं काही?" आणि दोन्ही वेळा तिने सुरीला धार लावायला घेतली.

जूनमध्ये त्या दोघांचं काम मित्सुएमावशींच्या गोठ्यात लागलं. मित्सुएमावशी बहात्तर वर्षांच्या, बोलायला एकदम तिखट, आणि गोठा मुलाच्या नावावर असला तरी गाई त्यांच्याच. खुरं तासताना गाय अडकवून ठेवायच्या चौकटीत एक काळीपांढरी गाय उभी होती, सुमिरे. चिगुसाने तिचा पाय मांडीवर घेतला आणि एकदम जाणवलं की या गाईच्या चारही पायांना डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी बारीक खरचटे आहेत.

"मावशी, हिला कोणी मारतं का?"

"मारतंय कोण? ती मधली आहे." मावशी बादली खाली ठेवून बोलायला लागल्या. "चरायला निघाल्या की ही कायम रांगेच्या मध्ये. पुढच्यांना कोवळं गवत मिळतं, मागच्या आरामात येतात, हिला दोन्हीकडून ढुशा. पण परवा ही आजारी होती ना, गोठ्यात ठेवली, तर रांगेचा पार विचका. पुढच्या गेल्या नदीवर, मागच्या आल्या परत दारात. हिच्यामुळे रांग होती हे त्या दिवशी कळलं."

"तुम्हाला सगळ्यांचं असं माहीत आहे?"

"नसायला काय झालं? आणि हिचं तर मला आतून माहीत आहे. मी पाच बहिणींतली तिसरी. लग्न झालं तर पुढे सासू, मागे नणंदा. सासू गेली तर सून आली. मधलीला कोणी विचारत नाही गं बाई. कोणी विचारलंय मला कधी?"

चिगुसाने सुमिरेचा पाय खाली सोडला. "मी विचारते. सांगा."

मावशी चकित झाल्या. मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते धारा काढायची वेळ होईपर्यंत चाललं. चिगुसाने हातमोजे काढून कार्डांच्या मागे लिहून घेतलं.

त्या उन्हाळ्यात तिने प्रत्येक गोठ्यात विचारलं. खुरांबद्दल नाही, गाईबद्दल. ही कोण आहे? पहिली पाणी कोण पितं? कडी कोण उघडतं? वीज कडाडली की कोण कोणाला चिकटतं? शेतकऱ्यांना असं कोणी विचारलंच नव्हतं. एरवी हवामानापलीकडे न बोलणारे म्हातारे अर्धा अर्धा तास बोलत. एकाने आपल्या मेलेल्या गाईची गोष्ट सांगता सांगता डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला.

"आपण खुरं तासायला येतो की मुलाखती घ्यायला?" मोरिओकाका कुरकुरत. "दिवसाला तीसच्या वीस गाई झाल्या आपल्या." पण एखाद्या गोठ्यात चिगुसा विचारायची विसरली तर तेच आठवण करत. "हिचं विचारलं नाहीस? ही बघ कशी रागाने बघतेय."

ऑगस्टमध्ये ओमोई जन्माला आली. ओमोई म्हणजे जड. आणि तोच शब्द दुसऱ्या अक्षरांनी लिहिला की मनातला विचार. दोन्ही अर्थ चिगुसाला हवे होते. ओमोई लोकरीसारख्या केसांची, दोन मजली घराएवढी उंच, सहा पायांची म्हातारी मादी होती. बर्फाच्या मुलखात माणसं तिच्या पाठीवर अख्खं घर बांधतात आणि उन्हाळ्याकडे चालत जातात. पुढचे दोन पाय संशयी, बर्फ दाबून पाहिल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. मागचे दोन आळशी. घराचा सगळा भार मधल्या दोन पायांवर. तिला उकडलेल्या बटाट्यांची वाफ आवडते. पाठीवरच्या घरात भांडण झालं की ती थांबते आणि भांडण मिटेपर्यंत हलत नाही. अनोळखी माणसाला ती नाक लावू देते, कान ओढू देते, पण मधल्या पायांना हात लावू देत नाही. का, ते चिगुसालाही माहीत नव्हतं. काढताना तसं वाटलं, एवढंच.

या वेळी तिने डोकंही त्याच दिवशी काढलं. रंग द्यायला तिच्याकडे गाईंच्या पाठीवर खुणा करायच्या मेणाच्या जाड कांड्या होत्या, लाल, निळी आणि हिरवी. त्यांनीच रंगवलं. मेणावर बोट फिरवलं की लोकरीसारखं दिसे.

सप्टेंबरात रिएकोचं पाकीट आलं. आत नोव्हेंबरच्या जत्रेतल्या स्पर्धेचं पत्रक. न पाहिलेलं जनावर, चार कागदांवर: कसं उभं राहतं, कसं चालतं, कसं जगतं, चेहरा कसा. पत्रकाच्या कडेला रिएकोने लिहिलं होतं, "ताई, आता तरी सांगा, कोण आहे ते."

चिगुसाने चार कागद पाठवले. दोनशेच्या वर प्रवेशिका आल्या होत्या. निवडलेल्या बारांमध्ये ओमोई होती.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी रस्त्यावर बर्फ होतं म्हणून मोरिओकाकांनी गाडी चालवायला घेतली. मित्सुएमावशी साप्पोरोतल्या बहिणीकडे जायचं म्हणून मागे बसल्या. सभागृहाच्या दारात त्यांना शिंगं लावलेला एक उंच मुलगा दिसला. मावशींनी त्याला वाकून नमस्कार केला, त्यानेही शिंगं सांभाळत वाकून केला, आणि त्यांनी बहिणीकडे जायचा बेत रद्द केला. "बहीण कुठे पळून जाते का? हे रोज कुठे बघायला मिळतं?"

दुपारी बारा चित्रकारांना बुटक्या मंचावर बोलावलं. समोर पाच-सहाशे माणसं दाटीने उभी. तीन परीक्षकांपैकी मधले इसोझाकी सर. वय पंच्याहत्तरच्या पुढे, आणि टोकियोत चाळीस वर्षं कार्टूनपटांसाठी फक्त जनावरं चालवलेली. पळणारा घोडा, चढणारी शेळी, बिळात शिरणारा साप, सगळं हाताने काढलेलं. ते कमी बोलत आणि विचारलं की नेमकं दुखऱ्या जागी विचारत. चिगुसाच्या आधीच्या मुलाला त्यांनी विचारलं, "एवढ्या लहान पंखांवर हा ड्रॅगन उडतो कसा?" मुलगा म्हणाला, "जादूने." सरांनी मान हलवून कागद उलटा ठेवला.

चिगुसाची पाळी आली. तिने ओमोईबद्दल सांगितलं. सुरुवातीला ती मंचाच्या फळ्यांकडे बघून बोलली, सुमिरेच्या रांगेपासून लोकांकडे बघून. मधल्या पायांचं सांगताना समोर कोणीतरी "वा" म्हणालं.

इसोझाकी सरांनी दुसरा कागद उचलून डोळ्यांजवळ नेला.

"चालते छान. पावलांचा क्रम बरोबर आहे. पण वळते कशी?"

"म्हणजे?"

"चार पायांचं जनावर वळताना पाठ वाकवतं. हिच्या पाठीवर घर आहे, पाठ वाकली तर घर मोडेल. मधले पाय तर मध्येच अडकणार. दरीच्या वाटेवर हिला मागे फिरायचं झालं तर ही पडेल. घरासकट."

चिगुसाने ओमोईला सगळीकडे चालवलं होतं, झोपवलं होतं, रुसवलं होतं. वळवलं मात्र नव्हतं. जादूने, असं म्हणता आलं असतं. तिच्या ओठांवर ते आलंही, पण बावीस वर्षांत एकाही गाईचा पाय तिने जादूने बरा केला नव्हता.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली. "पण पाच मिनिटं द्या. करून बघते."

तिने गर्दीत पाहिलं. "मोरिओकाका! मित्सुएमावशी! जरा वर या."

"मी?" मावशी मोठ्याने म्हणाल्या. "मी कशाला?"

"सहा पाय हवेत. माझ्याकडे दोनच आहेत."

हशा पिकला. रिएकोने मावशींना हाताला धरून मंचावर चढवलं. पुढे मोरिओकाका, मध्ये मावशी, मागे चिगुसा. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यांवर हात ताठ ठेवले. चिगुसाने सांगितलं, कोपर वाकवायचा नाही, कारण पाठ वाकत नाही. संयोजकांनी मंचावर खुर्च्यांच्या दोन रांगा लावून अरुंद वाट केली, टोकाला वळण्यापुरती जागा सोडून.

"चला," चिगुसा म्हणाली, आणि ओमोई चालली. डावे-उजवे पाय ठरल्या क्रमाने. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. वाट संपली. आता वळायचं.

मोरिओकाका डावीकडे वळले. चिगुसाही मागून डावीकडे सरकली. मध्ये मावशींचे पाय एकमेकांत अडकले, त्या काकांच्या पाठीवर आदळल्या, काका खुर्चीवर, खुर्ची खाली. सभागृह हसून लोळलं. चिगुसाने खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा तेच झालं, फक्त या वेळी खुर्ची दुसऱ्या बाजूची होती. इसोझाकी सर हसत नव्हते. ते पुढे वाकून पाय बघत होते.

मित्सुएमावशींनी काकांच्या खांद्यावरून हात काढून कमरेवर ठेवले.

"थांबा सगळे! पुढचा जातो त्याच्या मनाने, मागची येते तिच्या मनाने, आणि मी काय करायचं ते कोणी सांगत नाही. बहात्तर वर्षं हेच चाललंय! आता मी सांगते. मी इथून हलणार नाही. मोरिओ, तू डावीकडे सरक. चिगुसा, तू उजवीकडे. वळायचं तर माझ्याभोवती वळा."

पहिल्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "बरोबर बोललात!" आणि पुन्हा हशा झाला, पण या वेळचा वेगळा.

हात पुन्हा खांद्यांवर आले. मावशींनी पाय रोवले. काका डावीकडे एक पाऊल, चिगुसा उजवीकडे एक पाऊल. मावशी जागच्या जागी, टाचा किंचित फिरवत. पुन्हा एक पाऊल. घड्याळाचा काटा फिरावा तशी ती दोघं मावशींभोवती फिरली. पाठ वाकली नाही, खुर्चीला धक्का लागला नाही, आणि पाहता पाहता काकांचं तोंड आले होते त्या दिशेला झालं. पाठीवर घर असतं तर घरातली चहाची वाटीसुद्धा सांडली नसती.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेरच्या दालनातली माणसं आत धावली.

चिगुसाला ते ऐकूच आलं नाही. ती मंचावरच मांडी घालून बसली, दुसरा कागद उलटा केला, खिशातून निळी कांडी काढली आणि काढत सुटली. वरून दिसणारी ओमोई, सहा पावलं, मधली दोन रोवलेली, पुढची आणि मागची विरुद्ध दिशांना सरकणारी. इसोझाकी सर मंचावर आले आणि गुडघ्यांवर हात ठेवून तिच्याशेजारी वाकले.

"म्हणजे मधल्या खुरांची झीज वेगळी होणार," ते म्हणाले.

चिगुसाची कांडी थांबली. तिने मधलं खूर डोळ्यांसमोर आणलं. हजारो खुरं मांडीवर घेतलेली बाई, तिला ते लख्ख दिसलं. बाकीची खुरं पुढून झिजणार. मधली सगळं वजन पेलत जागच्या जागी फिरणार, म्हणून तळाशी गोल घासली जाणार. आणि गोल घासलेल्या तळाच्या आतलं मांस...

"हुळहुळी असतात," ती सावकाश म्हणाली. "कायम. म्हणून हात लावू देत नाही ती! सर, म्हणून हात लावू देत नाही!"

सरांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"आत्ता."

"मग ही खरी आहे," सर म्हणाले, आणि माईककडे वळून त्यांनी एवढंच सांगितलं, "वळते. मी चुकलो होतो."

निकाल संध्याकाळी लागला. परीक्षकांचं बक्षीस हाकोदातेच्या एका मुलीच्या धुक्यात पोहणाऱ्या माशाला मिळालं, आणि चिगुसाच्या मते ते योग्यच होतं. मासा फार सुंदर होता. पण प्रेक्षकांचं बक्षीस वेगळं असे. प्रत्येकाला एक लाल टिकली मिळायची, आवडलेल्या जनावराच्या फळ्यावर लावायची. ओमोईचा फळा चारच्या सुमाराला भरला. संयोजकांनी खाली जादा कागद चिकटवला, तोही भरला. मग लोकांनी टिकल्या टेबलाच्या पायांना लावल्या. मोजून पुकारा झाला तेव्हा दुसऱ्या नंबरच्या दुप्पट निघाल्या.

रिएको चिगुसाच्या आधी किंचाळली. "ही माझ्या शेजारच्या टेबलाची आहे!" ती दिसेल त्याला सांगत सुटली. "मीच म्हटलं होतं तिला, तक्ता आहे म्हणून!"

चिगुसा मंचावर गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती म्हणाली, "मी खुरं तासते. माझं नाव चिगुसा नुकागा. ही जनावरं मी काढते." मग नमस्कार करायला वाकली ती बराच वेळ वाकलेलीच राहिली, कारण वर पाहिलं असतं तर सगळ्यांना तिचे डोळे दिसले असते.

या वेळी साठ प्रती आणल्या होत्या. एकही उरली नाही. सगळं आवरून झाल्यावर इसोझाकी सर टेबलाशी आले आणि वळणाच्या त्या कागदाबद्दल त्यांनी विचारलं. चिगुसा तो त्यांना द्यायला निघाली, तर मावशींनी मध्येच हात घातला. "तो मिळणार नाही. त्यात मी आहे." सर हसले. घडीची खुर्ची ओढून ते बसले, स्वतःची पेन्सिल काढली, आणि चाळीस वर्षं जनावरं चालवलेल्या त्या माणसाने चिगुसाची सहा पावलं आपल्या वहीत एकेक करून उतरवून घेतली. उतरवून झाल्यावर वही तिच्यापुढे धरली.

"बघा बरं. बरोबर आलंय का?"

चिगुसाने पाहिलं. "मागचा उजवा थोडा आत घ्या, सर."

सरांनी तो खोडला आणि आत घेतला.

शिरोनाईत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बोटीवरून नवऱ्याचा फोन आला. "सहा पायांचं जनावर काढलंस म्हणे? आणि मला कोणी सांगितलं? खलाशाने!" तो रागावल्यासारखा बोलत होता, पण मागे त्याने सगळ्या बोटीला ऐकवायला फोनचा आवाज मोठा केला होता हे तिला कळलं.

दूधसंघाच्या लोकांनी ओमोईचं मोठं चित्र छापून आपल्या बसायच्या खोलीत लावलं. त्या दिवसापासून त्या खोलीत वाद सुरू झाले. ही दूध किती देईल? थंडीत वैरण किती लागेल? कुरोसे नावाच्या म्हाताऱ्याचं म्हणणं, एवढ्या वजनाला मका पुरणार नाही, बीट घालावंच लागेल. दुसरे म्हणत, बीटाने पोट फुगेल. एका सकाळी चिगुसा कार्डं द्यायला आत आली तेव्हा आठ-दहा जण चित्रासमोर उभे राहून भांडत होते. तिला पाहून सगळ्यांनी वाट करून दिली.

कुरोसे आजोबा पुढे आले. चेहरा अगदी गंभीर.

"चिगुसा, कामाचं विचारतो. सहा पाय, बारा नख्या. हिची खुरं तासायला तुला किती वेळ लागेल?"

कोणीही हसलं नाही. चिगुसाने कार्डं टेबलावर ठेवली आणि चित्राकडे नीट पाहिलं.

"पुढचे आणि मागचे पाय दीड तासात होतील," ती म्हणाली. "मधल्या पायांचं सांगता येत नाही, आजोबा. आधी तिच्याशी ओळख करून घ्यावी लागेल. पहिल्या दिवशी मी नुसती बटाटे उकडून नेईन, आणि तिच्याजवळ बसेन."

"बरोबर," कुरोसे म्हणाले, आणि बाकीच्यांनीही माना डोलावल्या.